घोडीच्या गुदाशयाला इजा : हातमोज्यावर रक्त दिसल्यापासूनचा पहिला तास

हातमोजा बाहेर आला तेव्हा बोटांच्या सांध्यांवर चिंचोक्याएवढा लाल डाग होता. घोडी वरातीतली, पांढरी, दहा-अकरा वर्षांची. पोट दुखतंय म्हणून मालकाने रात्री साडेनऊला बोलावलं होतं. मला नोकरी लागून वर्ष व्हायचं होतं. रोज दहा-बारा म्हशींची गर्भतपासणी करत असल्यामुळे हात बसलेला होता, आणि गोची नेमकी तिथेच झाली. घोडी कुंथायला लागली, तसा मी म्हशीत थांबतो तसा हात आत रोवून थांबलो. मग हाताभोवतीची पकड एकाएकी सैल पडली. मला वाटलं, बरं झालं, घोडीने अंग सोडलं.

अंग सोडलं नव्हतं. आतलं अस्तर फाटलं होतं.

नुकतेच पास होऊन दवाखान्यात रुजू झालेल्यांसाठी हे लिहितोय. तुमच्याकडे नव्व्याण्णव रुग्ण गाय, म्हैस, शेळी असतात आणि शंभरावा घोडा. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर किंवा रेसकोर्सवर काम करणाऱ्यांचं वेगळं, त्यांचा हात घोड्यातच तयार होतो. पण बाकीच्यांना घोडा भेटतो तो अवचित: माथेरानचं तट्टू, लग्नसराईतली घोडी, सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत विकायला आणलेला एखादा काठेवाडी. घोडेमालकांनी वाचलं तर उत्तमच, फक्त खाली दिलेले डोस त्यांनी स्वतः वापरण्यासाठी नाहीत.

गाईत तयार झालेला हात

गाईच्या गुदाशयातून आपण काय काय करतो ते आठवा. भिंतीवरूनच गर्भाशयाचं मुख मुठीत धरतो, गर्भाशय मागे ओढतो, कृत्रिम रेतन करताना तर मिनिटभर तसेच पकडून उभे राहतो. गाय सहन करते. अस्तर थोडं खरवडलं, हातमोज्यावर रक्ताचा ओघळ आला, तरी आपण हात धुऊन पुढच्या गाईकडे वळतो. वर्षभर हे केलं की रक्त दिसण्याचं काही वाटेनासं होतं. घोड्याजवळ जाताना ही सवय खोड्याबाहेर ठेवायची.

घोड्याचा गुदाशय साधारण ३० सेंटीमीटरचा. त्याचा मागचा, गुदद्वाराकडचा १५ ते २० सेंटीमीटरचा भाग उदरपोकळीच्या बाहेर असतो. तिथे फाटलं तर लीद भोवतालच्या मऊ भागात शिरते, गळू होतं, त्रास होतो, पण सहसा घोडा हाताशी राहतो. त्याच्या पुढचा भाग उदरपोकळीत लटकलेला असतो आणि तिथलं भोक म्हणजे लिदीला थेट पोटात वाट. फाटण्याच्या बहुतेक जागा गुदद्वारापासून २५ ते ३० सेंटीमीटरवर, वरच्या बाजूला, घड्याळाच्या १० ते १२ च्या दरम्यान सापडतात. चीर लांबीच्या दिशेने जाते. वरच्या बाजूलाच का, तर गुदाशयाला धरून ठेवणारा पडदा तिथे चिकटतो आणि रक्तवाहिन्या तिथून स्नायूत शिरतात, त्यामुळे ती रेघ कमजोर असते.

नवख्याला वाटतं की बोटाचं टोक किंवा नख खुपसलं तरच भोक पडेल. तसं क्वचित होतं. बहुतेक वेळा आपला हात स्थिर असतो आणि आतडं त्याच्याभोवती आवळतं. बोटांचे सांधे वर आलेले, भिंत ताणलेली, त्यात घोडी कुंथते किंवा झटका देते, आणि सांध्यांवरच कापड उसवावं तशी भिंत उसवते. माझ्या हातमोज्यावरचा डाग सांध्यांवर होता तो यामुळे.

अरबी आणि बुटक्या जातींमध्ये, वयस्क घोड्यांत, घोड्यांपेक्षा घोड्यांच्या माद्यांत हे जास्त आढळतं. माद्यांत जास्त, कारण प्रजननासाठी हात जास्त वेळा त्यांच्यातच जातो. लहान तट्टात हाताला जागाच नसते. पहिल्यांदा तपासलं जाणारं तरुण जनावर बिथरतं. पोटशुळाने पाणी आटलेल्या घोड्याचा गुदाशय कोरडा, चिकट असतो. आणि प्रत्येक इजा डॉक्टरच्या हातूनच होते असंही नाही: अवघड विण्यात, नर चढताना लिंग चुकीच्या वाटेने गेल्यावर, एनिमाची कडक नळी घुसवल्यावरही फाटतं. तीस वर्षं घोड्यांतच घालवलेल्या माणसाच्या हातूनही फाटतं. ते कळल्यावर मी थोडा सावरलो होतो, पण त्याला वेळ लागला.

हात घालण्याआधी

पहिला प्रश्न: हात घालणं गरजेचं आहे का? तट्टू हातभर उंचीचं असेल, घोडा आवरत नसेल, किंवा तपासणीने पुढच्या निर्णयात काही फरक पडणार नसेल, तर नका घालू. यात्रेच्या मैदानात तर मी सरळ नाही म्हणतो. सौदा अर्ध्यावर आलेला असतो, भोवती पन्नास माणसं, शेजारी ढोल, घोडी रात्रभर ट्रकमध्ये उभी राहून आलेली, आणि घेणारा म्हणतो, "डॉक्टर, गाभण आहे का तेवढं पटकन बघा." पटकन बघण्याची ही गोष्ट नाही. खोड्यात आणा, शांतपणे बघू, एवढंच उत्तर.

मालकाला आधी एक वाक्य सांगा, की या तपासणीत क्वचित आतल्या भागाला इजा होते, म्हणून औषध देऊन तपासतोय. स्टड फार्मवर किंवा किमती घोड्यासाठी लेखी संमती घ्या. आधी सांगितलेलं वाक्य आणि नंतर सांगितलेलं वाक्य यांची किंमत फार वेगळी असते.

घोडा खोड्यात. म्होरकी धरायला त्याच्या सवयीचा मोतद्दार, आणि तो तुम्ही उभे आहात त्याच बाजूला. ट्विच (घोड्याचा वरचा ओठ पिळून धरायचं साधन) लावायची सवय असेल तर लावा. पण आवरण्याच्या भानगडीपेक्षा औषध स्वस्त पडतं. झायलाझिन, म्हणजे गुंगीचं औषध, शिरेतून, किलोला अर्धा ते एक मि.ग्रॅ. इथे पुन्हा गाय आडवी येते. गाईला झायलाझिन घोड्याच्या दहाव्या हिश्शात पुरतं, त्यामुळे गाईच्या हिशेबाने भरलेल्या सिरिंजने घोडीला डुलकीही येत नाही. ४०० किलोच्या घोडीला कमीत कमी २०० मि.ग्रॅ. लागतात. ते १० मि.ली. होतात की २ मि.ली., हे बाटलीवर २० लिहिलंय की १०० यावर. दिवाबत्ती नीट नसेल तर मोबाइलचा टॉर्च लावून वाचा. औषध दिल्यावरही लाथ बसू शकते, घोडा झोपेत असल्यासारखा दिसतो आणि नेम मात्र चुकत नाही.

आतडं आवळत असेल तर हायोसीन ब्यूटाइलब्रोमाइड, किलोला ०.३ मि.ग्रॅ., शिरेतून हळू. माणसांच्या औषध दुकानात २० मि.ग्रॅ.च्या ज्या छोट्या काचेच्या कुप्या मिळतात, त्या या घोडीला सहा लागतील. याने गुदाशय अक्षरशः सैल पिशवीसारखा होतो. एकच खोट: नाडी चढते आणि २०-३० मिनिटं चढलेलीच राहते. पोटशुळाच्या रुग्णात नाडी हाच आपला मोठा आधार, म्हणून इंजेक्शनच्या आधी मोजून कागदावर लिहा.

नखं कापलेली, अंगठी आणि घड्याळ खिशात. हातमोज्याची शिवण कडक असेल तर तो उलटा करून घाला. जेल भरपूर, कोपराच्या वरपर्यंत, आणि थोडं गुदद्वारातही. साबणाचं पाणी वापरू नका, त्याने अस्तर चुरचुरतं आणि घोडा जास्त कुंथतो.

मग बोटं जुळवून, अंगठा आत घेऊन, कमळाच्या कळीसारखा हात. दार सैल पडेपर्यंत थांबा. सगळी लीद आधी काढा, थोडी थोडी, मूठभर गोळा एकदम ओढू नका. हात पुढे सरकवायचा तो आतडं सैल असताना. लाट आली की हात ढिला सोडा आणि तिच्याबरोबर मागे येऊ द्या, गरज पडली तर पूर्ण बाहेर येऊ द्या. दहा वेळा बाहेर आला तरी चालेल. आत हवा भरून गुदाशय ढोलासारखा ताठ झाला असेल तर बोटांना काही कळणार नाही, थांबायचं. सोनोग्राफीचा प्रोब हातात असताना तर मूठ आणखी जाड होते आणि लक्ष पडद्यावर असतं. मी मोतद्दाराला सांगून ठेवतो, घोडीने शेपूट दाबली किंवा पाठ वाकवली की ओरड.

रक्त दिसलं

हातमोज्यावर चिकट गुलाबीसर शेंबूड आणि ताजं रक्त यात फरक आहे. ताजं रक्त दिसलं, किंवा पकड एकदम सुटल्यासारखी वाटली, तर फाटलंय असं धरूनच चालायचं. खोटं ठरलं तर आनंद. "काही नसेल, उद्या बघू" म्हणून घोडा घरी सोडला आणि आत चीर खोल असली, तर दोन-तीन तासांत घाम, थरथर, लाल हिरड्या आणि धावती नाडी. तोपर्यंत लीद पोटात पोचलेली असते. या कामात वाया घालवलेला वेळ कुठल्याही औषधाने परत मिळत नाही.

तपासणी थांबवा. रक्त दिसलं म्हणून लगेच पुन्हा हात घालून चाचपू नका. कुंथणाऱ्या, न सैलावलेल्या गुदाशयात घातलेला दुसरा हात पहिल्याने केलेली चीर मोठी करतो. एनिमा देऊ नका. पाण्याच्या दाबाने लीद चिरेत ढकलली जाते.

आता मालकाला सांगायचं. आत्ता, पुढचं काहीही करण्याआधी. मी त्या रात्री वरिष्ठ येऊन तपासेपर्यंत सांगितलं नाही, बॅगेत काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं. तो वेळ मला अजून आठवतो. शब्द साधे ठेवा: "दादा, तपासताना आतल्या भागाला इजा झाल्यासारखं वाटतंय. किती खोल आहे ते भूल देऊन बघतो. खोल असेल तर हिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, तेव्हा गाडी बघून ठेवा." चूक कोणाची हा वाद तिथे उभा करायचा नाही आणि झालेलं लपवायचंही नाही. घोड्याचा विमा असेल तर विमा कंपनीलाही मालकाने त्याच वेळी कळवलेलं बरं, पुढे शस्त्रक्रिया किंवा दयामरणाचा निर्णय आला तर ते विचारतात.

गाडीचा फोन होईपर्यंत तुमचं काम सुरू. झायलाझिन उतरलं असेल तर पुन्हा. हायोसीन दिलं नसेल तर आता. मग एपिड्युरल, म्हणजे शेपटीच्या मुळाशी मणक्यात द्यायची भूल. शेपूट हँडपंपाच्या दांड्यासारखी वरखाली हलवा, पहिली हलणारी खाच बोटाला लागेल, ती जागा. केस काढून, पोव्हिडोन आयोडीनने नीट घासून. २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध), ४०० किलोला साधारण ४ ते ५ मि.ली. त्यात झायलाझिन किलोला ०.१७ मि.ग्रॅ. मिसळून सलाइनने एकूण ८-१० मि.ली. केलं तर परिणाम कितीतरी जास्त वेळ टिकतो, आणि पुढे प्रवास असेल तर ते हवंच आहे. लिग्नोकेन वाढवायचा मोह टाळा. मागचे पाय लटपटले आणि घोडी खोड्यात बसली, तर एकाची दोन संकटं होतात. तट्टाला प्रमाणात कमी.

शेपूट लुळी पडली, गुदद्वार सैल झालं, की गुदाशयात ५०-६० मि.ली. लिग्नोकेन मऊ नळीने हलकेच सोडा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. आता बघायचं. लांब प्लास्टिकचा हातमोजा काढा, शस्त्रक्रियेचा पातळ हातमोजा घाला किंवा उघडा हात स्वच्छ धुऊन जेल लावून वापरा. जाड प्लास्टिकमधून चीर कळतच नाही. लीद हलक्या हाताने काढत जा. जवळ एंडोस्कोप असेल तर फारच छान, योनी तपासायच्या स्पेक्युलमनेही काही वेळा दिसतं.

किती खोल?

चार ग्रेड आहेत, आणि पुढचं सगळं त्यांवर ठरतं.

ग्रेड १ म्हणजे आतलं अस्तर, फार तर त्याखालचा थर. बोटाला खरखरीत पट्टा किंवा पातळ सालीसारखा लोंबता तुकडा लागतो. त्यामागची भिंत जाड आणि शाबूत.

ग्रेड २ विचित्र. अस्तर शाबूत आणि स्नायू फाटलेला, त्यामुळे रक्त येतच नाही. अस्तराची पिशवी बाहेर फुगते, तिच्यात लीद अडकत राहते, आणि कधीतरी महिन्यांनी "हिला लीद काढायला त्रास होतो" म्हणून सापडते. दुर्मिळ आहे, पुढे जाऊ.

ग्रेड ३ मध्ये अस्तर आणि स्नायू दोन्ही गेले, उरला फक्त बाहेरचा पातळ पडदा, किंवा वरच्या बाजूला गुदाशयाला धरून ठेवणारा चरबीचा भाग. बोट एका खळग्यात उतरतं, आणि बऱ्याचदा त्या खळग्यात लीद ठासलेली असते. पडदा शाबूत असेल तर ३-अ, चरबीच्या भागात खळगा गेला असेल तर ३-ब. नवख्याने या दोन्हींत भेद करत बसू नये. खळगा लागला की पाठवायचं.

ग्रेड ४, सगळे थर. बोटांना गुळगुळीत, ओली, सरकणारी आतडी लागतात. एकदा लागली की विसरता येत नाही म्हणतात; मला स्वतःला लागलेली नाहीत.

चार गोष्टी लिहून घ्या: गुदद्वारापासून किती सेंटीमीटर (हातावर खूण करून टेपने मोजा), घड्याळाच्या कितीवर, किती लांब, आणि आत लीद आहे का. पुढच्या सर्जनला फोनवर हेच लागतं. खळग्यातली लीद बोटाने कोरून काढायचा प्रयत्न मात्र करू नका, सैल असेल तेवढीच घ्या.

तपासायला एकच माणूस. सहकारी आला, वरिष्ठ आले, मालकाच्या ओळखीचे डॉक्टर आले, आणि प्रत्येकाने "मी पण बघतो" म्हटलं तर ग्रेड ३ चा ग्रेड ४ व्हायला वेळ लागत नाही. वरिष्ठांना फोन जरूर करा, हात फक्त एकाचा.

खोल असेल तर: औषधं आणि पॅकिंग

फ्लुनिक्सिन (वेदना आणि सूज कमी करणारं) किलोला १.१ मि.ग्रॅ. शिरेतून. प्रतिजैविकं ताबडतोब, पोटातल्या सगळ्या जातीच्या जंतूंना पुरतील अशी. क्रिस्टलाइन पेनिसिलिन किलोला २२,००० युनिट शिरेतून दर ६ तासांनी, जेंटामायसिन किलोला ६.६ मि.ग्रॅ. शिरेतून दिवसातून एकदा, मेट्रोनिडाझोल तोंडाने. हिशेब करून बघा: ४०० किलोच्या घोडीला पेनिसिलिनचे ८८ लाख युनिट, म्हणजे दहा लाखांच्या नऊ कुप्या, जेंटामायसिनचे २,६४० मि.ग्रॅ., म्हणजे माणसांच्या ८० मि.ग्रॅ.च्या ३३ कुप्या. तालुक्याच्या ठिकाणी रात्री अकराला ३३ कुप्या मिळत नाहीत. म्हणून घोड्यांचं काम करणार असाल तर जनावरांसाठीच्या मोठ्या बाटल्या आधीच आणून ठेवा. प्रोकेन पेनिसिलिन चुकूनही शिरेतून नाही. पाणी आटलेल्या घोड्यात जेंटामायसिन मूत्रपिंडाला मारतं, सलाइन सोबत चालू करा. पोटशुळात मेट्रोनिडाझोल गुदाशयातून द्यायची काहींना सवय असते. इथे तो रस्ता बंद आहे. आणि धनुर्वाताची लस. घोडा धनुर्वाताला किती हळवा असतो ते सांगायला नको.

मग पॅकिंग. ग्रेड ३ आणि ४ साठी, गाडीत चढवण्याआधी. उद्देश एवढाच की पुढून येणारी लीद चिरेवरून जाऊ नये.

हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरखाली घालतात तो स्टॉकिनेट, तीन इंची, हवा. मेडिकलमध्ये रोल मिळतो. चीर ३० सेंटीमीटरवर असेल तर आतली लांबी ४० घ्या, म्हणजे बोळा चिरेच्या १० सेंटीमीटर पुढे पोचेल, शिवाय बाहेर धरायला थोडं. आतलं टोक गाठ मारून किंवा टाका घालून बंद. त्यावर जेल लावून रिकामी नळी गुदाशयात सरकवा आणि मग आत ओल्या कापसाचे बोळे भरत या. कापूस पिळलेला, पोव्हिडोन आयोडीन शिंपडलेला. भरल्यावर ते गोधडीच्या गुंडाळीसारखं मऊ लागायला हवं, लाटण्यासारखं टणक नको. घट्ट ठासलं तर चीर ताणली जाते. चिरेच्या खळग्यात कापूस भरायचा नाही, बोळा फक्त तिच्यावरून जातो. शेवटी गुदद्वाराला बटव्याच्या नाडीसारखा टाका, किंवा टॉवेल क्लिप. बाहेर ठळक चिठ्ठी, "आत पॅक आहे, इतक्या वाजता घातला, एपिड्युरल इतक्या वाजता." घोड्याबरोबर जाणारी माणसं बदलतात, चिठ्ठी राहते.

पॅक टिकतो तो एपिड्युरलच्या जोरावर. भूल उतरली की घोडी कुंथून सगळं बाहेर फेकते. प्रवास चार-पाच तासांचा असेल तर सोबत कोणीतरी पशुवैद्यक हवा. चारा बंद, तोंडाला मुसकं.

कुठे पाठवायचं ते आजच, हा लेख वाचून झाल्यावर, ठरवून फोन नंबर लिहून ठेवा. घोड्याची पोटाची शस्त्रक्रिया होईल, रात्री माणूस असेल, अशा जागा मोजक्या. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी शिक्षणसंस्था, रेसकोर्सशी किंवा स्टड फार्मशी जोडलेले घोड्यांचे सर्जन. निघण्याआधी फोन करून ग्रेड, अंतर, वेळ, दिलेली औषधं सांगा आणि घेतात का ते विचारा. नुसतं "घेऊन जा" म्हणून हात झटकणं बरं नव्हे.

तिथे काय होतं ते मालक विचारणारच. चीर हाताच्या टप्प्यात असेल तर गुदाशयातूनच टाके घालतात, बरंचसं न बघता, एका हाताने. काही ठिकाणी गुदाशयात मऊ रबरी बाही बसवतात, लीद तिच्यातून जाते आणि दीड-दोन आठवड्यांत ती आपोआप गळून पडते. काही सर्जन डाव्या कुशीत लहान बृहदांत्र बाहेर काढून तात्पुरता मार्ग करतात, नंतर तो बंद करायला दुसरी शस्त्रक्रिया. ग्रेड ३ चे काही घोडे शस्त्रक्रियेविना, दर एक-दोन तासांनी रात्रंदिवस हाताने लीद काढत राहूनही वाचलेत. त्याला माणसं आणि संयम लागतो. खर्च प्रत्येकात मोठा, पोटाला सूज येणं, चिकटणं, लॅमिनायटिस म्हणजे खुरांच्या आत सूज येणं हे धोके प्रत्येकात. पोटातलं पाणी काढून तपासलं जाईल: निरोगी पाणी गवती पिवळं आणि स्वच्छ, बिघडलेलं गढूळ, लालसर. त्यात हिरवे कण दिसले तर बोलणं दुसऱ्या दिशेला जातं.

ग्रेड ४ आणि पोटात लीद, तर दयामरण हा प्रामाणिक सल्ला आहे. तो देताना आढेवेढे घेऊ नका. "प्रयत्न करून बघू" हे मालकाला दिलासा देतं आणि घोड्याला दोन दिवसांच्या वेदना. मालकाला अर्धा तास द्या, लेखी संमती घ्या, वेदनाशामक तोवर चालू ठेवा.

ग्रेड १ असेल तर

त्या रात्री वरिष्ठ तीस किलोमीटरवरून मोटारसायकलने आले. त्यांनीच एपिड्युरल दिलं आणि त्यांनीच बघितलं. साधारण २५ सेंटीमीटरवर, घड्याळाच्या ११ वर, दोन बोटं लांब, फक्त अस्तर. त्यांनी हात धुतला आणि मला म्हणाले, "मालकाला सांगितलंस का?" तेव्हा मी जाऊन सांगितलं.

अशी घोडी घरी सांभाळता येते, पण "घरी" म्हणजे विसरून जाणं नव्हे. पहिले २४ तास दर दोन तासांनी नाडी, हिरड्या, वागणं. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी ४४ च्या आत असते. हायोसीनचा असर उतरल्यावरही ती ६० च्या पुढे जात असेल, ताप असेल, घाम असेल, पोट ताठ लागत असेल, तर तुमचा ग्रेड चुकला होता असं समजा आणि गाडी बोलवा. मोतद्दाराला नाडी जबड्याखाली मोजायला शिकवा. ते पटकन शिकतात, बऱ्याचदा आपल्यापेक्षा हलक्या हाताने.

प्रतिजैविकं आणि फ्लुनिक्सिन काही दिवस. लीद मऊ राहिली पाहिजे: लिक्विड पॅराफिन दोन लिटर, नाकातून पोटात घातलेल्या नळीने, नळी पोटातच आहे याची खात्री करून. बाटलीने किंवा बांबूच्या नळ्याने पाजू देऊ नका. घोड्याच्या फुप्फुसात तेल गेलं तर गुदाशयाची काळजी करायला घोडा उरत नाही. खाणं हिरवं, ओलं गवत, भिजवलेला कोंडा. कडबा, भुसा, कोरडं वाळकं गवत बंद. पाणी मुबलक. हे साधारण आठ-दहा दिवस.

कागदपत्रं त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी आठवणीतून नव्हे. तपासणी का केली, घोडा कसा आवरला, कुठलं औषध किती वाजता, रक्त किती वाजता दिसलं, काय सापडलं, मालकाला काय सांगितलं, तो काय म्हणाला. पुढे तक्रार झाली तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो, आणि झाली नाही तर पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडतो.

आमच्या घोडीने दुसऱ्या दिवशी दुपारी लीद टाकली, तेलकट, मऊ, वर रक्ताचा एक धागा. चौथ्या दिवसापासून धागाही नाही. मालक माझ्याशी महिनाभर बोलला नाही, पण औषधाला रोज बोलवायचा. वरिष्ठांनी तिच्या केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं होतं: महिनाभर हात घालू नये. त्याच महिन्यात तिला पुन्हा पोटदुखी झाली, आणि मी खोड्याबाहेर उभा राहून, स्टेथोस्कोपने, नळीने आणि हिरड्या बघून जेवढं कळलं तेवढ्यावर उपचार केले.